वाऱ्याच्या कानी

"दरवाजा लगा लेओ अम्मा, पूरा नामपल्ली सुन रा!"

एसटीडी बूथवाल्या गफूरभाईंची ती हाक मनकर्णेच्या कानात अजून जशीच्या तशी होती. लग्न होऊन ती तेव्हा नुकतीच हैदराबादेत आली होती. माहेर नांदेडकडलं. गावात फोन एकच, तोही किराणा दुकानात, आणि आई ठरल्या वेळेला तिथं पोत्यावर येऊन बसायची. काचेच्या डब्यात स्वतःला कोंडून घ्यायची मनकर्णेला भीती वाटे, म्हणून दार उघडं. तारेत खरखर, म्हणून आवाज चढा. त्या चढ्या आवाजात तिनं आईला सांगून टाकलं की आपल्याला दिवस गेलेत. बूथबाहेर रांगेत तिचा नवरा सूर्यभान उभा होता आणि त्याला हे अजून ठाऊक नव्हतं. ती बाहेर येईतोवर पानवाल्यानं त्याचा हात धरून गदागदा हलवला होता, एका म्हातारीनं त्याच्यावरून बोटं मोडली होती. सूर्यभान घरी पोचेपर्यंत हसत होता. तीही हसली. पण आत कुठंतरी कुसळ रुतलं ते रुतलंच. ही गोष्ट तिला त्याच्या कानात सांगायची होती. हळू, आपल्या तोंडानं.

त्या बातमीचं नाव पुढं स्वप्ना ठेवलं.

सूर्यभान आजारात गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. मनकर्णा सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, ती मागल्या उन्हाळ्यात निवृत्त झाली. मायलेकी दिलसुखनगरच्या आतल्या गल्लीत, तीन मजली इमारतीत राहत होत्या. स्वप्ना माधापूरला एका कंपनीत नेटवर्क सांभाळायची. "ज्वारीत पाखरं राखतात ना, तशी माझी लेक कंप्युटरांची वाट राखती," असं मनकर्णा माहेरी सांगायची, आणि माहेरची माणसं माना डोलवायची.

तर जानेवारीतल्या एका सकाळी ती भाजी घेऊन जिना चढत होती. पहिल्या मजल्यावर हणमंतराव दारातच उभे. कायदा खात्यातून निवृत्त झालेले, इमारतीचे सेक्रेटरी, हातात चहाचा कप.

"मनकर्णाबाई, मुबारक! पोरगी तयार झाली म्हणायची शेवटी!"

"कशाला तयार?"

"आता आमच्यापासून कायकू छुपाना? लग्नाला! रोज संध्याकाळी 'शुभमेळ' उघडते ती. लग्नं जुळवायची साइट आहे. म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? हौ क्या! मग मी काही बोललोच नाही समजा."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊ?"

"मशीननं!" हणमंतरावांनी कप उंचावून आतल्या खोलीकडं खूण केली.

साऱ्या इमारतीत मिळून नेटचं कनेक्शन एकच. तार हणमंतरावांच्या घरात यायची आणि तिथून सगळ्या घरांत जायची. नेट फार रखडायला लागलं तेव्हा कोण एवढं ओढतंय ते शोधायला त्यांनी बाजारातून एक छोटी पेटी आणून जोडली होती. त्यांच्या टीव्हीवर प्रत्येक फोनचं नाव दिसायचं आणि पुढं तो फोन कुठल्या साइटच्या दारात उभा आहे तेही. क्रिकेट ओढणारे वरच्या मजल्यावरचे कोचिंगवाले पहिल्याच दिवशी सापडले. काम झालं होतं. पण पेटी काही निघाली नाही, कारण हणमंतरावांना गोडी लागली. सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचायचा सोडून ते आता इमारत वाचत.

"रविवारी संध्याकाळी मीटिंग आहे ना, सगळ्यांना टीव्हीवर दाखवणारच आहे," ते म्हणाले. "ट्रान्सपरन्सी पाहिजे बाई, ट्रान्सपरन्सी!"

मनकर्णेच्या काळजात धस्स झालं. कारण 'शुभमेळ' स्वप्ना उघडत नव्हती. मनकर्णा उघडत होती.

मशीननं लेकीचं नाव का घेतलं ते तिला कळेना. पण मशीन चुकलं होतं ते अर्धंच. घर त्यानं बरोबर ओळखलं होतं.

त्या साइटवर 'पुन्हा एकदा' नावाचा एक कोपरा होता, उतरत्या वयात सोबत शोधणाऱ्यांसाठी. तिथं तिला मधुकर भेटले. हिमायतनगरचे, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, बायको जाऊन काही वर्षं झालेली. आधी नुसतं पावसापाण्याचं बोलणं, मग दवाखान्यातल्या आठवणी, शाळेतल्या आठवणी. मग रोज संध्याकाळी एक प्रश्न. 'आज काय शिजवलं?' एवढा साधा प्रश्न, पण तो तिला किती वर्षांत कुणी विचारला नव्हता. लेक विचारायची, पण जेवायला बसताना. मास्तर विचारत ते स्वतः जेवायला येणार नसताना.

मागल्याच आठवड्यात दोघं नामपल्लीच्या नुमाइशला, दरवर्षीच्या त्या मोठ्या प्रदर्शनात भेटले. त्या गर्दीत, काश्मिरी शालींच्या दुकानासमोर मास्तर गोंधळून उभे होते, आणि दोन्ही हातांत मिरची भजी. "तुम्हाला तिखट चालतं की नाही, हे विचारायचंच राहिलं," असं ते म्हणाले. मनकर्णेला एवढं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. निघताना ते म्हणाले होते, "रविवारपर्यंत सांगाल? घरी यावं म्हणतो. तुमच्या लेकीला भेटायला."

घरी येताना बसमध्ये तिच्या ओठांवर आपोआप ओवी जुळली होती. आई दळताना जुळवायची तशीच.

*जुन्या गं आंब्याला, मोहर आला नवा*
*पानापानाला पुसू नका, कुठून आली हवा*

आता हणमंतराव पानापानाला पुसत निघाले होते. रविवारी सगळी इमारत हसणार. आणि हसली तर हसो, पण लेकीला ही गोष्ट टीव्हीवरून कळणार! मनकर्णा वर आली, दार लावलं आणि फोन बंद करून तांदळाच्या डब्यामागं ठेवून दिला.

संध्याकाळी स्वप्ना घरात शिरली ती वादळासारखी.

"आई! हणमंतकाकांच्या कुसुमताईंनी मला जिन्यात अडवलं. भाच्याचा फोटो दाखवला. संदीप म्हणे. 'लाजू नकोस, आमच्या ह्यांनी सगळं बघितलंय.' काय बघितलंय? मी ती साइट जन्मात उघडलेली नाही!"

"जाऊ दे ना. बोलतात माणसं."

"जाऊ दे? अगं, माझ्या नावानं कुणीतरी फिरतंय नेटवर! चोर आहे या इमारतीत, चोर!" पण डोळे रागानं नव्हे, आनंदानं लकाकत होते. लहानपणी लपंडावात राज्य आलं की असेच लकाकायचे. "आणि हणमंतकाकांना वाटतं, घराघरात डोकवायचं म्हणजे सेक्रेटरीचं काम. थांब तू. रविवारी मीटिंगच्या आधी मी चोरही पकडते आणि ती पेटीही बंद करते."

"नक्को गं बाई."

"हौ गं बाई!" स्वप्नानं तिची नक्कल केली आणि हातपाय धुवायला गेली.

रविवारी दुपारचा चहा झाला, आणि स्वप्नानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पेटीचा पासवर्ड हणमंतरावांनी हसत हसत दिला होता. "बघ पोरी, तूही बघ, आपलंच आहे!" मनकर्णा भांडी विसळता विसळता तिरप्या नजरेनं पडद्याकडं बघत होती.

"ये ना आई, बघ तर खरं!"

मनकर्णा हात पुसत आली आणि हरखूनच गेली. पडद्यावर ओळी उमटत होत्या, सरकत होत्या, पुन्हा नव्या येत होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी गावच्या वेशीतून गाड्या सुटाव्यात तशा. कुणी गाण्यांच्या गावाला निघालंय, कुणी बातम्यांच्या, कुणी दुकानात, आणि प्रत्येक गाडीवर मालकाचं नाव.

"अगो बाई! आणि गाडीत काय भरलंय तेही दिसतं?"

"नाही. पाकिटावरचा पत्ता दिसतो फक्त. आतलं पत्र बंद असतं. कुठल्या साइटवर गेला ते कळतं, तिथं काय वाचलं, काय बोलला, ते नाही."

मनकर्णेच्या छातीवरची एक धोंड उतरली. 'आज काय शिजवलं?' तरी कुणी वाचलं नव्हतं.

"पण पत्त्यावरूनच लोक केवढं रचतात बघ ना," स्वप्ना म्हणाली. "दवाखान्याची साइट उघडली की आजार. वकिलाची उघडली की घटस्फोट. नवरा शोधायची उघडली की संदीप!"

दोघी हसल्या. स्वप्नानं पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघ, 'स्वप्नाज् फोन'. जुनी नोंद आहे. माझा आताचा फोन हा वेगळा, याच्यावर नुसता मॉडेलचा नंबर आहे. मग हा कोण? दोन-तीन दिवस गप्प आहे लेकाचा. पण येणार. येणारच!"

मनकर्णा पुन्हा मोरीकडं वळली. चोर गप्प का होता ते तिला ठाऊक होतं. तो तांदळाच्या डब्यामागं निजला होता. पण आज रविवार. तिकडं हिमायतनगरला एक माणूस उत्तराची वाट बघत बसला असेल. त्याला काय वाटेल? बाई घाबरली. नाहीतर त्याहून वाईट, बाईला तिखट चालत नाही. तिनं सकाळीच फोन काढून सुरू केला होता आणि 'थांबा, कळवते' एवढंच लिहायचं म्हणून शब्द जुळवत बसली होती. शब्द जुळले नाहीत. फोन तसाच फडताळावर राहिला होता.

मनातल्या मनात ती गुणगुणू लागली.

*काळजाचं गुज, कुणा सांगू बाई*
*वाऱ्याच्या कानी, जागा उरली नाही*

आणि तेवढ्यात फडताळ गुरगुरलं.

फोन थरथरला, उजळला. त्याच क्षणी पडद्यावर ओळ उमटली, 'स्वप्नाज् फोन', आणि पुढं 'शुभमेळ'.

"आला!" स्वप्ना खुर्चीतून उडालीच. "आई, आला, आला चोर! आत्ता, या मिनिटाला..."

तिचं वाक्य अर्ध्यात राहिलं. फडताळावरचा फोन पुन्हा गुरगुरला. पडद्यावर पुन्हा ओळ. फोन, ओळ. ढोलकी आणि टाळ लागोपाठ वाजावेत तसं.

स्वप्नानं मान वळवून फडताळाकडं बघितलं.

तो फोन तिचाच होता. नवा घेतला तेव्हा तिनं जुना आईला दिला होता. त्यांच्या घरात काय, कुणाच्याही घरात तसंच. साडी थोरलीवरून धाकटीकडं उतरते, आणि फोन पोरांवरून आईकडं चढतो. पहिल्या दिवसापासून सगळे त्याला 'आईचा फोन' म्हणू लागले आणि त्याच्या पोटात अजून लेकीचंच नाव आहे, हे लेकच विसरली. दुनियेच्या जाळ्यांची राखण करणारी पोर, आणि दिव्याखाली हा अंधार!

मनकर्णा ओल्या हातांनी उभी होती. नळ चालूच. लेकीच्या चेहऱ्यावर उजेड पडताना तिला दिसला. स्वप्नाचं बोट त्या ओळीवर होतं. बोट दाबलं की पुढचं सगळं उलगडणार होतं. कधीपासून, कुठल्या वेळी, किती वेळ.

स्वप्नानं बोट उचललं. लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

"सापडला?" मनकर्णेनं विचारलं.

"चोर नाहीच आहे कुणी," स्वप्ना म्हणाली. उठली आणि नळ बंद केला. "चल, चप्पल घाल. मीटिंगला अर्धा तास आहे, त्याच्या आत काकांना गाठायचंय."

"आणि तो फोन?"

"तो तुझा फोन आहे," स्वप्ना म्हणाली, आणि जिना उतरू लागलीसुद्धा.

हणमंतरावांच्या घरात लगबग उडाली होती. खुर्च्या मांडलेल्या, कुसुमताईंच्या कढईत कांदाभजी तडतडत होती, आणि हणमंतराव इस्त्रीचा सदरा घालून रिमोट हातात धरून लग्नातल्या मामासारखे मिरवत होते.

"या, या! सापडला का कुणी?"

"काका, लोक यायच्या आधी एकदा तालीम करू या ना," स्वप्ना गोड आवाजात म्हणाली. "सुरुवात सेक्रेटरीपासून. तुमचा फोन आधी दाखवा."

"माझा?" हणमंतरावांचा रिमोट अर्ध्यात थांबला. "माझा कायकू? बघणारा तर मी आहे."

"पेटीला काय माहीत, बघणारा कोण ते? तिच्या लेखी सगळे सारखेच. हा काय, 'हणमंतराव'. लावू टीव्हीवर?"

कुसुमताई झारा हातात घेऊन आतून आल्या. "लाव गं लाव! एवढा वेळ बाथरूममध्ये फोन घेऊन काय करतात ते मला पण कळू दे."

"नक्को!" हणमंतराव असे ओरडले की कढईतलं तेलसुद्धा क्षणभर गप्प झालं. ते टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "म्हणजे तसं काही नाही. पण... माणसाचं काही असतं की नाही स्वतःचं!"

"असतं ना, काका," स्वप्ना हळूच म्हणाली. "मी वाचलं नाही. शपथ. झाकूनच ठेवलंय."

त्या ओळीत काय होतं, ते मनकर्णेला आजपर्यंत कळलेलं नाही. कुसुमताईंनाही नाही, आणि त्याची खंत त्या अजून बोलून दाखवतात.

हणमंतराव खुर्चीत बसले. रिमोट बाजूला ठेवून म्हणाले, "पोरी, मी तुझ्याबद्दल जिन्यात बोललो. खोटं तर बोललो नव्हतो, पण बोलायचं काम माझं नव्हतं."

"मग आता काम करू या," स्वप्ना म्हणाली.

आणि मग काय मजा झाली! माणसं आली ती टीव्ही बघायला, आणि बसली आपापले फोन पुढं करून. स्वप्नानं पेटीतलं सगळं साठवलेलं पुसून टाकलं. कुठलं घर एकूण किती नेट ओढतंय एवढंच दिसेल आणि कुठं जातंय ते दिसणार नाही, असं केलं. प्रत्येक घराचं नेट निराळं केलं, म्हणजे एकाच्या अंगणातून दुसऱ्याचं अंगण दिसायला नको. मग एकेकाचा फोन. "हे इथं दाबा. आता पत्तासुद्धा बंद पाकिटात जाईल. आणि कामाचं काही असेल तर हा बोगदा, म्हणजे व्हीपीएन, सुरू करा. बोगद्यातून गाडी गेली की वेशीवरच्याला काय दिसतं? नुसता डोंगर."

"सरकारलाबी नाही दिसत?" कुणीतरी विचारलं.

"आजोबा, तुम्ही भजनंच ऐकता ना?"

"भजनंच. पण विचारून ठेवलेलं बरं!"

हशा झाला. भजी संपली, पुन्हा तळली. कोचिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतराव तर एवढे पेटले की प्रत्येकाला दारातच बजावू लागले, "आधी कडी लावा, मग बोला!" मनकर्णा कोपऱ्यात उभी राहून लेकीकडं बघत होती. केवढी ही पोरगी! हिनं मला झाकलं. आणि झाकलं ते काय आहे हे बघितलंसुद्धा नाही.

वर घरी आल्यावर मनकर्णेनं फडताळावरचा फोन उचलून लेकीपुढं धरला. "सगळ्यांचे केलेस. याचं राहिलं."

"तू स्वतः कर. मी सांगते."

स्वप्ना बाबासाहेबांच्या फोटोखालच्या दिवाणावर आईकडं पाठ करून बसली. मनकर्णाही मग तशीच पाठीला पाठ लावून बसली. लेकीची पाठ उबदार होती, हसताना हलत होती.

"आधी सेटिंग. मग खाली नेटवर्क. दिसलं?"

"दिसलं."

"वर फोनचं नाव आहे बघ. माझं आहे ना? ते पूस आणि तुझं लिही."

मनकर्णेनं एकेक अक्षर पुसलं. मग एकेक लिहिलं. स्वतःचं नाव एवढ्या उजेडात तिनं किती दिवसांत लिहिलं नव्हतं. मग पाकीट बंद केलं, मग बोगदा उघडला. कोपऱ्यात छोटंसं कुलूप उमटलं.

"आलं गं, कुलूप आलं!"

"झालं. आता कुणालाच नाही दिसणार. मलाही नाही."

फोन पुन्हा गुरगुरला. या वेळी कुठल्याच पडद्यावर काही उमटलं नाही. ते फक्त मनकर्णेच्या तळव्याला कळलं.

स्वप्ना तशीच, पाठ न वळवता बोलली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आई, मी विचारणार नव्हते. पण एकच सांगते. माझ्यासाठी मुलगा बघतेयस, हो ना? लपून कशाला? मला सांगायचंस ना. मी चिडले असते, पण ऐकलं असतं."

मनकर्णेला समोर एक आयती पळवाट दिसली. केवढी सोपी! नुसतं 'हो' म्हणायचं. साऱ्या जगातल्या आया हेच करतात. लेक जरा रुसेल, मग विसरेल. मधुकरांना कळवायचं, नका येऊ. मशीन पुसलेलं, पत्ता झाकलेला, बोगद्यावर डोंगर. आता तिचं गुज कुणाच्या हाती लागणार नव्हतं. कुणी ओढून काढणार नव्हतं, कुणी जिन्यात ओरडणार नव्हतं.

म्हणूनच तर ते आता देता येणार होतं.

"स्वप्ना, इकडं तोंड कर."

लेक वळली. मनकर्णेनं लेकीचा चेहरा ओंजळीत धरला, वाकली आणि कानाशी तोंड नेलं.

"तुझ्यासाठी नाही गं, बाई. माझ्यासाठी बघितलाय. मधुकर नाव आहे, मास्तर होते. आपल्यातले नाहीत. आपल्या घरातला बाबासाहेबांचा फोटो हलणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय. ते म्हणाले, हलवतंय कोण? तू नको म्हणालीस तर मी त्यांना नाही म्हणीन, पण तुझ्याशी खोटं नाही बोलणार. मला ते आवडतात, स्वप्ना. फार आवडतात."